नमपायचे इशारे फक्त एका ओळीपुरते बंद करता येतात का? (पावसाची आकडेवारी)

विक्रोळीकर

ऑफिसात एक जुनी पायथन स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली आहे. काम तसं साधं. मुंबईतल्या पर्जन्यमापकांचे तासातासाचे आकडे घ्यायचे, दोन-दोन केंद्रांच्या जोड्या लावायच्या, गुणोत्तर काढायचं, त्याचा लॉग घ्यायचा, आणि शेवटी ताशी ५० मिमीच्या वर किती तास गेले ते मोजायचं. ब्रिमस्टोवॅडच्या (मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा प्रकल्प) कामात नाल्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिमीवर न्यायचं ठरलं होतं, म्हणून आमची रेघ ५० ला आहे.

स्क्रिप्टच्या डोक्यावरच नमपायचे (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी, कोडात "एनपी") सगळे इशारे बंद करणारी ही ओळ आहे:

एनपी.सेटएरर(ऑल="इग्नोर")

(इथे रोमन अक्षरांचा कोड चिकटवला की सगळं विस्कटतं, म्हणून देवनागरीत लिहितोय. सांभाळून घ्या.)

ज्याने ही लिहिली तो नोकरी सोडून गेला, विचारणार कोणाला? मी ती ओळ काढली तर टर्मिनलवर "डिव्हाइड बाय झीरो" आणि "इनव्हॅलिड व्हॅल्यू" असे दोन्ही इशारे आले. साहजिक आहे म्हणा, जून ते सप्टेंबर घेतलं तरी कोरडे तास ढीगभर असतात. मग मी भागाकाराच्या ओळीला एररस्टेट लावलं, म्हणजे विथच्या आतल्या ओळींपुरतीच सेटिंग:

विथ एनपी.एररस्टेट(डिव्हाइड="इग्नोर"):
    गुणोत्तर = सांताक्रूझ / कुलाबा

तरी "इनव्हॅलिड व्हॅल्यू एनकाउंटर्ड इन डिव्हाइड" येतंच. भागाकाराचा इशारा बंद केला ना, मग हा कुठून?

दुसरं, हेच मी पँडाजच्या (तक्त्यांची लायब्ररी) कॉलमवर करून पाहिलं, "इग्नोर"च्या जागी "रेज" घालून. म्हणजे चूक झाली की प्रोग्राम थांबायला हवा. थांबत नाही, गुपचूप इन्फ (म्हणजे अनंत) भरतो.

आणि तिसरं म्हणजे सेटएरर, एररस्टेट आणि वॉर्निंग्ज मॉड्यूलचा फिल्टर या तिघांत नक्की काय वापरायचं? मला इशारे सरसकट बंद करायचे नाहीत. जे अपेक्षित आहेत तेवढेच, आणि तेवढ्याच ओळीपुरते.

---

कटिंग_चाय

इतका विचार कशाला? वर वॉर्निंग्ज डॉट फिल्टरवॉर्निंग्ज, "इग्नोर". रिपोर्ट साहेबांना जातो, टर्मिनल जात नाही. 😄

---

दादरकर_काकू

कटिंग, तुझ्यासारख्यांच्या वह्या मी खूप तपासल्यात. इंजिनिअरिंगच्या पोरांना न्यूमेरिकल मेथड्स शिकवण्यात हयात गेली, आणि जर्नलमध्ये उत्तराच्या जागी नॅन (म्हणजे "ही संख्याच नाही") छापून त्याखाली "हेन्स प्रूव्ह्ड" लिहिणारे महाभाग पाहिलेत.

विक्रोळीकर, तुझा प्रश्न नीट आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी तुझा "हा कुठून?" मिटवू. संगणकातल्या दशांश संख्यांच्या (फ्लोटिंग पॉइंट, म्हणजेच फ्लोट) गणितासाठी असलेल्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकात पाच अपवाद आहेत: अवैध क्रिया, शून्याने भागाकार, ओव्हरफ्लो (उत्तर मावणार नाही इतकं मोठं), अंडरफ्लो (फारच लहान), आणि अचूक उत्तर बसत नाही तो इनएक्झॅक्ट. यातला पाचवा जवळजवळ प्रत्येक बेरजेत उठतो, त्याच्या नादी कोण लागणार? नमपाय उरलेले चार विचारात घेतं आणि त्यांनाच तुझ्या एररस्टेटमध्ये डिव्हाइड, ओव्हर, अंडर आणि इनव्हॅलिड अशी नावं आहेत. काही न सांगता अंडर गप्प असतो, बाकीचे तीन इशारा देतात.

आता बघ. ५ भागिले ० हा डिव्हाइड. उत्तर इन्फ. पण ० भागिले ० हा डिव्हाइड नाहीच, तो इनव्हॅलिड. उत्तर नॅन. तू पहिल्याचं तोंड बंद केलंस, दुसरा बोलतोय. संदेशात शेवटी "इन डिव्हाइड" असं जे येतं ते क्रियेचं नाव आहे, अपवादाचं नाही. तिथे सगळ्यांचीच गल्लत होते.

आणि तुझ्या आकडेवारीत या दोघांचा अर्थ अगदी वेगळा आहे, म्हणून मला हा प्रश्न आवडला. सांताक्रूझ ०, कुलाबा ०: दोन्हीकडे कोरडं. गुणोत्तराला अर्थच नाही, नॅन बरोबर आहे, विषय संपला. पण सांताक्रूझ १२, कुलाबा ०: उपनगरात पाऊस आणि फोर्टात ऊन, किंवा कुलाब्याच्या मापकात काहीतरी अडकलंय. हे आपल्या गावाला नवीन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी झाला आणि कुलाब्याला पाऊणशेच्या आतच. तेव्हा "डिव्हाइड" हा इशारा तुझ्यासाठी बातमी आहे, आणि तू नेमका तोच बंद केलास. उलट कर:

विथ एनपी.एररस्टेट(इनव्हॅलिड="इग्नोर"):
    गुणोत्तर = सांताक्रूझ / कुलाबा

डिव्हाइड बोलू दे. बोलला की एनपी.इझइन्फ लावून मोज ते तास कोणते आणि किती.

आता पुढची ओळ, लॉगची. इथे सगळं उलटं होतं. शून्याचा लॉग उणे इन्फ, आणि त्याला नमपाय डिव्हाइड म्हणतं. म्हणजे अंशातलं केंद्र कोरडं होतं, छेदातलं ओलं. ऋण संख्येचा लॉग मात्र इनव्हॅलिड. पावसाचं गुणोत्तर ऋण कसं होईल? होणारच नाही, जोवर फाइलीत पावसाशिवाय दुसरं काही नाही. तुझ्या फाइलीत आकडा नसेल तिथे काय लिहिलंय? रिकामं आहे, का उणे ९९.९ सारखं काहीतरी?

असेल तर ऐक. १२ भागिले उणे ९९.९ म्हणजे उणे ०.१२. भागाकार चूपचाप झाला, कुठलाच झेंडा (अपवाद घडल्याची प्रोसेसरमधली खूण) वर गेला नाही, कारण हार्डवेअरच्या दृष्टीने ती दोन सज्जन संख्यांची भागणी आहे. मग लॉगमध्ये इनव्हॅलिड. म्हणजे वरच्या ओळीत ज्या इनव्हॅलिडचा अर्थ "दोन्हीकडे कोरडं" होता, त्याच इनव्हॅलिडचा अर्थ खालच्या ओळीत "फाइलीत कचरा" आहे. म्हणून लॉगच्या ओळीला वेगळं:

विथ एनपी.एररस्टेट(डिव्हाइड="इग्नोर", इनव्हॅलिड="रेज"):
    लॉगगुणोत्तर = एनपी.लॉग(गुणोत्तर)

"रेज" दिलं की फ्लोटिंगपॉइंटएरर येतो आणि गाडी थांबते. वरच्या ओळीतले नॅन इथे त्रास देणार नाहीत, कारण नॅनचा लॉग नॅन, तोही आवाज न करता. एकदा जन्मलेला नॅन पुढच्या फ्लोटच्या गणितात सहसा झेंडा उचलत नाही. जन्माच्या वेळीच काय तो रडतो.

सेटएररबद्दल तुला आता वेगळं सांगायला नको. एका खोलीतला दिवा घालवायला इमारतीचा मेन स्विच पाडायचा, आणि मग लिफ्ट का चालत नाही म्हणून सोसायटीला पत्र लिहायचं, त्यातला प्रकार. सेटएरर जुन्या सेटिंग्जची डिक्शनरी परत देतो, ती जपून ठेवून शेवटी पुन्हा लावायची अशी अपेक्षा असते. कोण लावतं? आणि मध्येच अपवाद उठला तर ती शेवटची ओळ चालतच नाही. विथमध्ये आत शिरताना जुनी स्थिती जपली जाते आणि बाहेर पडताना परत बसते, तुम्ही सरळ बाहेर पडा, रिटर्नने पडा नाहीतर अपवादाने पडा.

---

ठाणे_स्लो

काकूंना +१.

पँडाजचं मी सांगतो, कारण यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. पँडाज स्वतःच्या गणिती क्रिया आतल्या आत एररस्टेट(ऑल="इग्नोर") मध्ये गुंडाळतं. तुमचं एररस्टेट बाहेर, त्याचं आत, आणि विथ एकात एक असले की आतल्याचं चालतं. त्यामुळे दोन सिरीजचा (पँडाजच्या कॉलमांचा) भागाकार तुमच्या "रेज"ला कधी विचारतच नाही. पँडाजची भूमिका अशी की गहाळ आकडे ही रोजची गोष्ट आहे, त्यावर काय बोंबलायचं.

मजा म्हणजे एनपी.लॉग त्याच सिरीजवर चालवलात तर इशारा येतो, कारण ती क्रिया नमपायची, पँडाजची ती गुंडाळी तिथे नाही. एकाच कॉलमवर भागाकार मुका आणि लॉग बोलका, त्यामुळे माणूस चक्रावतो.

उपाय: ज्या ओळीवर पहारा हवा तिथे कॉलमला टू_नमपाय लावा, भागाकार ॲरेवर (नमपायच्या आकड्यांच्या रांगेवर) करा, आणि उत्तर परत कॉलममध्ये टाका. फक्त एक सांभाळा. सिरीज स्वतः इंडेक्स जुळवून भागते, ॲरे तसं काही करत नाहीत. दोन केंद्रांच्या तासांच्या नोंदी एकास एक जुळल्यात का ते आधी बघा, नाहीतर अंधेरीचा दहा वाजताचा पाऊस चेंबूरच्या अकराच्या पावसाने भागाल.

---

कटिंग_चाय

बरं मग एनपी.व्हेअर? कुलाबा शून्य असेल तिथे शून्य, नाहीतर भागाकार. एररस्टेटची कटकटच नको.

---

दादरकर_काकू

कटिंग, व्हेअर हे फंक्शन आहे, इफ नव्हे. त्याला बोलावण्याआधी दोन्ही बाजू पूर्ण मोजून तयार होतात, म्हणजे शून्याने भागाकार झालेलाच असतो आणि इशाराही आलेलाच असतो. मग ते नुसतं निवडतं. करून बघ, इशारा तसाच येईल.

तुला जे हवंय ते एनपी.डिव्हाइड या फंक्शनमध्येच आहे. त्याला व्हेअर नावाचा पॅरामीटर आहे आणि आउट नावाचा. व्हेअरमध्ये "कुलाबा शून्य नाही" ही अट द्यायची, आउटमध्ये आधीच भरलेला ॲरे. मग जिथे अट खोटी तिथे भागाकार होतच नाही. पण आउट द्यायला विसरलास तर त्या जागी मेमरीत पडलेला कुठलातरी उकिरडा राहतो, शून्य नव्हे. आणि आउटमध्ये शून्य भरू नकोस रे बाबा, नॅन भर. "गुणोत्तर शून्य" आणि "गुणोत्तर नाही" यात फरक आहे. पहिल्याचा अर्थ सांताक्रूझ कोरडं होतं, दुसऱ्याचा अर्थ मला माहीत नाही.

---

विक्रोळीकर

काकू, मनापासून आभार. तुम्ही म्हणालात तसं लॉगच्या ओळीला "रेज" लावलं आणि तिसऱ्याच केंद्राला प्रोग्राम आडवा झाला. उणे ९९.९ च. आणि ते एकटं नाही, एका केंद्राच्या फाइलीत जुलैतले सलग तास तसे आहेत. ज्या दिवशी शहरात पाणी भरलं होतं, नेमके त्याच दिवसाचे. केंद्राची वीज गेली असणार.

ते आता वाचतानाच नॅन करून टाकलेत. पण मग एक शंका: दोन्ही केंद्रं एकाच वेळी बंद असतील तर?

शिवाय दोन छोटे प्रश्न. इशारा एकदाच छापला जातो, पण तो लूपमध्ये आहे आणि केंद्रं तर पुष्कळ. बाकीच्यांचं काय? आणि कुठल्या तासाला झालं ते इशाऱ्यातच कळत नाही का?

---

दादरकर_काकू

शंका रास्त आहे. दोन्ही बंद असतील तर उणे ९९.९ भागिले उणे ९९.९ बरोबर १. गुणोत्तर एक, लॉग शून्य, म्हणजे दोन्हीकडे अगदी समसमान पाऊस! कुठलाच अपवाद नाही, कुठलंच एररस्टेट हे धरू शकत नाही. वाचतानाच नॅन केलंस ते उत्तम केलंस, कारण एररस्टेट फक्त गणिताने केलेल्या तक्रारी ऐकतं. खोट्या पण सुबक आकड्यांबद्दल गणिताची तक्रार नसते.

आणि आता त्या शेवटच्या मोजणीकडे जा, ताशी ५० च्या वर किती तास. नॅन पन्नासपेक्षा मोठा आहे का? उत्तर: नाही. इशाराही नाही. म्हणजे ज्या तासांत मापकच बुडाला किंवा वीज गेली, ते तास तुझ्या रिपोर्टमध्ये "पाणी भरण्याइतका पाऊस नाही" या रकान्यात जाऊन बसतील. जास्तीत जास्त पाऊस पडलेले तासच निसटण्याची शक्यता जास्त, कारण मापक बंद पडतात ते तेव्हाच. त्या मोजणीशेजारी एनपी.इझनॅनची मोजणी छाप. साहेबांना दोन्ही आकडे दिसू देत.

तुझे छोटे प्रश्न. एकदाच छापलं जातं ते पायथनच्या वॉर्निंग्ज मॉड्यूलमुळे, नमपायमुळे नव्हे. त्याची रीत अशी की एका ओळीवरचा एकच इशारा पहिल्यांदा दाखवायचा, पुढचे गिळायचे. म्हणजे पहिल्या केंद्रातला इशारा दिसला आणि तुला वाटलं बाकीची शुद्ध आहेत. म्हणून तुझ्या मूळ प्रश्नातल्या तिघांपैकी फिल्टर हा सगळ्यात वरचा थर. तो फक्त इशारा दाखवायचा की नाही हे ठरवतो. एररस्टेट त्याच्या खाली बसतं, इशारा निर्माणच व्हायचा की नाही तिथे. वॉर्निंग्जमध्ये कॅच_वॉर्निंग्ज नावाचा कॉन्टेक्स्ट मॅनेजर आहे, पण तो मी दुसऱ्यांच्या लायब्ररीच्या तक्रारी आवरायला वापरीन. आपल्या गणिताला नाही.

कुठल्या तासाला झालं ते कळत नाही याचं कारण प्रोसेसरच्या आत आहे. तिथले झेंडे एकदा वर गेले की कोणीतरी खाली उतरवेपर्यंत वरच राहतात. नमपाय पूर्ण ॲरेवर क्रिया चालवतं आणि शेवटी झेंडे पाहतं. हजारो तासांत एक शून्य असो की हजार, झेंडा एकच. प्रत्येक भागाकारानंतर थांबून पाहिलं असतं तर नमपायचा वेग कुठला राहिला असता? तेव्हा जागा तुलाच शोधायची, इझइन्फ आणि अर्गव्हेअर लावून.

यातून एक भानगड उपजते. "रेज" लावून तू जागच्या जागी भागाकार केलास, म्हणजे ॲरे भागिले-बरोबर दुसरा ॲरे, तर अपवाद उठेपर्यंत मूळ ॲरेत उत्तरं लिहून झालेली असतात. ट्राय-एक्सेप्टमध्ये पकडून "चला, मूळ आकडे आहेतच" म्हणून पुढे जाशील, ते नसतील. पहारा ठेवायच्या ओळीत उत्तर नेहमी नव्या नावाला दे.

---

बीकेसी_रात्रपाळी

थ्रेडचा मुद्दा राहिला. विक्रोळीकर उद्या प्रत्येक केंद्राला एक थ्रेड (सोबतीने चालणारा कामाचा वेगळा धागा) देणार आणि बाहेर एकच विथ एररस्टेट लावणार, मला दिसतंय. चालणार नाही. नव्या थ्रेडमध्ये नमपायची मूळ सेटिंग्ज असतात, बाहेरच्या विथची नाही. विथ हे थ्रेडमध्ये चालणाऱ्या फंक्शनच्या आत टाका, किंवा त्या फंक्शनच्या डोक्यावर एररस्टेट डेकोरेटर म्हणून लावा, नमपाय १.१७ पासून ते जमतं. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की इथे काय माफ आहे.

जून २०२४ ला नमपाय २.० आलं त्यात ही स्थिती थ्रेडऐवजी कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये गेली. असिंकवाल्यांचं त्याने भलं झालं. आधी विथच्या आत अवेट केलं की त्याच थ्रेडमधल्या दुसऱ्या टास्कलाही आपलं "इग्नोर" लागायचं. जनरेटरला मात्र अजून जपा: विथच्या आतून यील्ड केलंत तर बोलावणाऱ्याच्या कोडलाही तुमचं एररस्टेट चिकटतं, जनरेटर पुढे सरकेपर्यंत. आणि २.० मध्ये एररस्टेटचा एकच ऑब्जेक्ट नावात धरून दोनदा विथला देता येत नाही, दर वेळी नवा करा.

आमच्याकडे पावसाऐवजी पैसे असतात, म्हणून डेसिमल (पायथनचं दशमान आकडेमोडीचं मॉड्यूल). तिथे याच घराण्यातला लोकलकॉन्टेक्स्ट आहे. मूळ सेटिंग २८ अंक आणि अर्धं आलं तर सम अंकाकडे: ०.१२५ दोन दशांशांवर आणलं तर ०.१२. कराराच्या कागदावर "अर्धा पैसा वर" लिहिलं असेल तर तेवढ्या भागापुरता लोकलकॉन्टेक्स्ट उघडून त्यात राउंडिंग हाफ अप करायचं, उत्तर ०.१३. पायथन ३.११ पासून ते थेट कंसात पॅरामीटर म्हणून देता येतं, आधी दोन ओळी लागायच्या. शिवाय तिथे काकूंनी सोडून दिलेला पाचवा अपवादसुद्धा ट्रॅप करता येतो. बेरजेत कुठेही अंक गळला की इनएक्झॅक्ट उठतो आणि काम थांबतं. पैशांच्या बेरजेत एकही अंक गळायला नको असतो, त्यामुळे मी तो चालूच ठेवतो. शिफ्टवरचे वैतागतात.

---

दादरकर_काकू

सोडून दिला नाही, रात्रपाळी. फ्लोटमध्ये त्याचा उपयोग नाही म्हटलं. ०.१ अधिक ०.२ लाच तो उठेल. डेसिमलमध्ये चालू ठेवता ते बरोबरच.

---

विक्रोळीकर

अजून एक विचित्र प्रकार. एका केंद्राचा पाऊस ऋण येतोय. उणे ९९.९ नाही, ते काढलेत. एररस्टेट(ऑल="रेज") लावलं तरी कुठेही थांबत नाही.

त्या केंद्राची फाइल मिमीत नाही, टिपिंग बकेट किती वेळा कलंडली त्याची मोजणी आहे. एक कलंडणं म्हणजे ०.२ मिमी. स्क्रिप्ट दशांश टाळायला ते २०० ने गुणून मायक्रोमीटर करते आणि मग पुढे जाते. बहुतेक तासांना ठीक, पण मुसळधार तासालाच ऋण.

---

ठाणे_स्लो

डीटाइप (आकड्यांचा प्रकार) काय आहे त्या ॲरेचा? इंट१६ (१६ बिटांचा पूर्णांक) असणार, पैज लावतो.

---

विक्रोळीकर

इंट१६च! फाइल लहान राहावी म्हणून तसा ठेवलाय म्हणे.

---

दादरकर_काकू

मग हिशेब मांडून बघ. इंट१६ मध्ये सगळ्यात मोठी संख्या ३२७६७. तासात २०० वेळा बकेट कलंडलं म्हणजे ४० मिमी, आपल्याकडे जुलैत ही काही अचाट गोष्ट नाही. २०० गुणिले २०० म्हणजे ४००००. ते मावत नाही, त्यातून ६५५३६ वजा होतात आणि उणे २५५३६ मिळतात. तुझ्या फाइलीत हाच आकडा सापडेल बघ.

एररस्टेट का थांबवत नाही? कारण ते झेंडे फ्लोटिंग पॉइंटचे. पूर्णांकांच्या ॲरेत आकडा उलटला तर कुठलाही झेंडा वर जात नाही आणि नमपायही तपासत नाही. "ओव्हर" हे नाव वाचून वाटतं की सगळा ओव्हरफ्लो धरला जाईल. फक्त फ्लोटचा धरला जातो. आणखी फसवं म्हणजे ॲरेतली एकेक संख्या काढून गुणलीस तर इशारा मिळतो, कारण सुट्या संख्येच्या गुणाकारात नमपाय ते तपासतं. म्हणजे तू एकच तास हातात घेऊन चाचणी करशील तेव्हा इशारा येईल, आणि सगळा महिना चालवशील तेव्हा नाही.

तोच ॲरे टूलिस्ट करून साध्या पायथनच्या संख्या काढल्यास तर तिसराच न्याय: तिथला पूर्णांक कधी उलटत नाही, आणि शून्याने भागलं तर थेट झीरोडिव्हिजनएरर. त्यालाही एररस्टेट लागू नाही. मॅथ मॉड्यूलचंही तेच, मॅथ डॉट लॉगला शून्य दिलंस तर तो सरळ व्हॅल्यूएरर फेकतो, त्याला तुझ्या विथशी काही देणंघेणं नाही.

वाचल्या वाचल्या ॲज्टाइपने फ्लोट६४ कर, मग ०.२ ने गुण. मायक्रोमीटर वगैरे लागत नाही. आणि कटिंगला दिलेला एनपी.डिव्हाइडचा उपाय पूर्णांकांवर वापरशील तर आउटसाठी झीरोज_लाइक किंवा तसलं काही घेऊ नकोस, ते मूळचाच पूर्णांक डीटाइप उचलतं आणि भागाकाराचं फ्लोट उत्तर त्यात ठेवायला नमपाय नकार देतं. एनपी.फुल घे, नॅन भर.

---

कटिंग_चाय

काकू, मी गुपचूप माझ्या प्रोजेक्टमधली फिल्टरवॉर्निंग्जची ओळ काढून पाहिली. पहिलाच इशारा अंडर... नाही, ओव्हरफ्लो इन एक्स्प. सिग्मॉइड आहे माझं. एररस्टेट(ओव्हर="इग्नोर") चालेल ना?

---

दादरकर_काकू

चालेल, पण का चालेल ते सांग आधी. एक भागिले कंसात एक अधिक ई चा उणे एक्स घात, असंच लिहिलं असशील. एक्स उणे हजार असेल तर एक्स्प इन्फ होतो, एक भागिले इन्फ बरोबर शून्य, आणि सिग्मॉइडचं खरं उत्तरही फ्लोटमध्ये शून्यच. म्हणजे ओव्हरफ्लो खरा, पण निरुपद्रवी. तेवढ्या ओळीपुरतं इग्नोर कर आणि वर कारण लिहून ठेव. पण हेच जर सॉफ्टमॅक्स (प्रत्येकाचा एक्स्प भागिले सगळ्यांच्या एक्स्पची बेरीज) असतं, तर इन्फ भागिले इन्फ होऊन नॅन आला असता. तिथे इग्नोर नाही, आधी सगळ्यातून सर्वांत मोठी संख्या वजा करायची.

---

विक्रोळीकर

उणे २५५३६ सापडला, काकू. सेटएररची ओळ काढून टाकली, तिच्या जागी आता दोनच विथ आहेत, प्रत्येकावर एका ओळीची टीप. इझनॅनची मोजणी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर टाकली होती, साहेब म्हणाले पहिल्यावर घे.